चार बोटं कमी

आमच्या चाळीत हल्ली काहीही तोकडं पडलं की लोक म्हणतात, “नानांची कैची झाली.” शिंप्यानं पॅन्ट आखूड शिवली, नानांची कैची. हळदीकुंकवाला वाण कमी पडलं, नानांची कैची. परवा एका नव्या सुनेचं पडद्याचं कापड कमी भरलं. तिनं नानांना कधी रंधा मारताना पाहिलेलंही नाही, पण तीही तेच म्हणाली, आणि नळावरच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी बादली तिथंच ठेवली आणि घरात येऊन लिहायला बसले. कारण ती चूक नानांची नव्हतीच. ती माझी होती.

मी सुचित्रा. लालबागच्या या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बारा नंबरात जन्मले आणि अजून तिथंच आहे. वय चौपन्न, लग्न केलं नाही, विमा कचेरीत नोकरी. जिभेनं तिखट आहे असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. पण माझी खरी खोड वेगळी आहे. माहीत नसलेली गोष्टही मी माहीत असल्यासारखी ठणकावून सांगते. गेल्या वर्षापर्यंत त्या खोडीनं फारसं कुणाचं बिघडलं नव्हतं.

अकरा नंबरात नाना. कागदावर धोंडू गोविंद घाडी. सतराव्या वर्षी कणकवलीकडून वडिलांपाठोपाठ इथं आले आणि गिरणीच्या सुतारखात्यात लागले. संप झाला, गिरणी बसली, तेव्हा घरात न बोलता हत्यारांची पेटी उचलली आणि दादरच्या एका फर्निचरवाल्याकडे रंधा मारायला गेले. पुढची पंचवीस वर्षं संध्याकाळी भुवयांवर भुसा घेऊन घरी येत. बोलणं जवळपास नाहीच. दिवाळीला फराळाचं ताट नेऊन दिलं तर “हां” म्हणायचे, आणि त्या “हां”वर वर्षभर भागवायचं.

बोलायच्या त्या त्यांच्या बायको. मालनकाकू. गिरण्या चालू होत्या तेव्हा दहा-बारा कामगारांची खानावळ चालवायच्या. गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, तरी काकूंचा आवाज तेवढाच राहिला. पहाटे पाचला धुणं व्हायचं आणि मग गॅलरीत टक, टक. छताला टांगलेल्या दांडीवर ओले कपडे चढवताना त्यांची काठी कठड्याला लागायची. मी आयुष्यात घड्याळाचा गजर लावला नाही.

त्या काठीची एक गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी.

आमच्या चाळीचा गणपती अंगणात बसतो. अंगणात दगडानं बांधून काढलेले आठ खड्डे आहेत, चार या बाजूला, चार त्या बाजूला. एरवी त्यांच्यावर फरशीची झाकणं असतात. ते नानांच्या वडिलांनी खणले. गणपतीआधी झाकणं काढायची, खांब उभे करायचे आणि त्यांवर कैच्या चढवायच्या. कैची म्हणजे दोन तिरके वासे वर टोकाला जोडलेले, खाली एक लांब तुळई. समोरासमोरच्या दोन खांबांच्या डोक्यांवर खाचा असतात, त्यांत तुळईची दोन टोकं बसतात. अशा चार कैच्या चढल्या, वर ताडपत्री ओढली, की देवाचं छप्पर झालं. आजूबाजूच्या सगळ्या मंडळांचं काम कधीच डेकोरेटरकडे गेलं. आमचं छप्पर आम्हीच उभारायचो. त्या एका रविवारी चाळ सोडून बदलापूर-विरारला गेलेले लोकसुद्धा दोर ओढायला यायचे. नाना खाली उभे राहून हाळी द्यायचे. वर्षभराचा न वापरलेला आवाज त्या दिवशी बाहेर पडायचा.

समोरासमोरच्या दोन खांबांमधलं अंतर बरोबर चार काठ्या. नानांच्या वडिलांची मापाची काठी होती, तिच्या चार. ती काठी जुनी झाली तेव्हा नानांनी गावाहून एक पिवळा बांबू आणला आणि तिच्याच मापाची नवी काठी केली. नुकतंच लग्न झालेलं. उरलेल्या बांबूची तश्शीच, तेवढ्याच लांबीची दुसरी काठी करून त्यांनी बायकोला धुणं घालायला दिली. “नवऱ्यानं घडवलेला एवढाच दागिना,” असं काकू म्हणायच्या आणि कुणी त्या काठीला हात लावला तर अंगावर धावून जायच्या. दोन्ही काठ्या दाराच्या मागे कोपऱ्यात शेजारी शेजारी उभ्या असायच्या. एक वर्षातून एकदा अंगणात उतरायची, दुसरी रोज.

चारेक वर्षांपूर्वी काकूंचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. नानांनी न सांगता दांडी खाली घेतली. मग काठी लांब पडायला लागली, मागे भिंतीला आपटायची. एका रविवारी नाना करवत घेऊन बसले आणि काकूंच्या काठीचं खालचं टोक चार बोटं कापून टाकलं. मी तिथंच उभी होते. “कापा, कापा,” काकू म्हणाल्या, “माझां सगळांच आता आखूड होतला.” तो चार बोटांचा तुकडा त्यांनी टाकला नाही. त्यांची खिडकी वाऱ्यानं आपटायची, तिथं पाचर म्हणून खोचला.

गेल्या वर्षी माघात काकू गेल्या. तीन दिवस ताप काय आला, चौथ्या दिवशी दुपारी संपलंच. खाली अंगणात माणसं तिरडी बांधत होती. तिरडीच्या कामट्यांपैकी एक मधोमध तडकलेली निघाली. खालून मयूर ओरडला, “सुचित्राताई, एखादी काठी दे गं पटकन!” हा मयूर आमच्याच मजल्यावरचा, तिशीचा, कुरिअर कंपनीत आहे. मी नानांच्या दारामागे हात घातला. दोन्ही काठ्या वापरून वापरून सारख्याच काळपट झालेल्या. डोळ्यांत पाणी. हाताला लागली ती दिली. मयूरनं कोयत्यानं तिचे दोन तुकडे केले आणि तिरडीला बांधले.

भोईवाड्याच्या स्मशानातून माणसं परतली. नाना भिंतीला टेकून बसले होते. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हटलं, “नाना, काकूंची काठी त्यांच्याबरोबर दिली हो.”

बघितलं होतं का मी? नव्हतं. एक काठी दिली होती, एवढंच खरं. पण सांगताना अशी सांगितली जशी काही मोजून दिली होती.

नानांनी पहिल्यांदाच मान वर केली. “बरां केलंस,” म्हणाले आणि रडले. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक चांगली गोष्ट घडली.

त्यानंतर नाना जेवेनासे झाले. मी डबा ठेवायची, तो तसाच परत यायचा. कपडे कसेबसे खळबळून कठड्यावर टाकायचे. गॅलरीतली दांडी रिकामी. त्यांची मुलगी वैदेही पनवेलला असते, ती न्यायला आली तर म्हणाले, “गणपतीनंतर बघू.”

जूनमध्ये मंडळाची सभा झाली. जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या कैच्यांना वाळवी लागली होती, हात लावला की पीठ पडत होतं. आमचे अध्यक्ष रामजी, भला माणूस, त्यांनी सरळ मांडलं की यंदापासून लोखंडी मंडप घेऊ, डेकोरेटर दोन तासांत उभा करतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून नाना उठले. सभेत नाना उठलेले कुणी कधी पाहिले नव्हते.

“मी करतंय नवीन कैच्यो,” ते म्हणाले.

रामजी त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, “नाना, तुम्ही शहात्तर वर्षांचे. एक डोळा मोतीबिंदूचा.”

“दुसरो आसा.”

हसू उसळलं आणि त्या हसण्यात ठरून गेलं. पण रामजींनी अट घातली. गणपतीआधीच्या दुसऱ्या रविवारी कैच्या चढल्या तर ठीक. नाहीतर त्याच संध्याकाळी डेकोरेटरला फोन, आणि मग दरवर्षी लोखंडीच. नानांनी “हां” म्हटलं. त्या रात्री डबा रिकामा परत आला. मी घासायला घेतला आणि घासता घासता रडले. काकूंनंतर त्या माणसाकडे तेवढं एकच काम उरलं होतं, आणि ते हातात आहे तोवर तो जेवणार होता.

रे रोडहून लाकूड आलं. महिनाभर नाना अंगणात ताडपत्रीखाली काम करत होते. मयूर सुट्टीच्या दिवशी मदतीला. एकदा त्यानं भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं यंत्र आणलं. “नाना, एका सेकंदात माप. एक मिलीमीटर इकडे-तिकडे नाही.”

“ठेव तां खिशात,” नाना म्हणाले. “खड्डे माझ्या बापाशीन काठयेन खणले. काठयेनच मोजूक व्हये.”

“निदान खड्ड्यांमधलं अंतर तरी बघूया की.”

“खड्डे काय पळान जातत?”

आणि दारामागच्या कोपऱ्यात उरलेली ती एकुलती एक काठी घेऊन ते मोजत राहिले. एक काठी, दोन, तीन, चार, पेन्सिलची खूण. मी वरून गॅलरीतून बघायची. मालनकाकू असत्या तर म्हणाल्या असत्या, बायकोपेक्षा लाकडाकडे जास्त बघतो मेला. कैच्या अशा देखण्या झाल्या की येणारा-जाणारा हात फिरवून जाई. एका सांध्यात पोस्टकार्ड शिरलं नसतं.

तो रविवार उजाडला. झिमझिम होती. बदलापूरवाले आले, विरारवाले आले, चहाचं पातेलं चढलं. आठ खांब खड्ड्यांत उभे राहिले, पाचरी ठोकल्या. नाना स्वच्छ सदरा घालून खाली उतरले. तो सदरा काकूंनी घडी घालून ठेवलेला, घडीच्या रेघा तशाच होत्या. पहिली कैची उचलली. दोन्हीकडून दोर, मधे आधाराला टोकाशी बेचकं असलेले बांबूचे दुबेळके. नानांनी हाळी दिली, “बोला गणपती बाप्पाऽऽ” आणि सगळ्यांनी “मोरया” म्हणत हिसका दिला. ओढ, थांब. ओढ, थांब. कैची वर गेली. डावीकडच्या खांबाच्या खाचेत टोक धाडकन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उजव्या खांबावर मयूर चढून बसला होता. त्यानं हात लांब केला. अजून लांब केला.

“नाना, पोचत नाय!”

“वड अजून.”

“वडून काय करू? पोचतच नाय! फूटभर कमी आहे!”

कैची खाली घेतली. दुसरी लावली. ती फूटभर कमी. तिसरी, चौथी, तेच. चारही कैच्या एकमेकींशी तंतोतंत आणि चारही फूटभर तोकड्या. नानांनी काठी घेतली, वाकून तुळई मोजली. बरोबर चार काठ्या. मग दोन खांबांमधली जमीन मोजली. चार काठ्या आणि वर एक फूट. पुन्हा तुळई मोजली. पुन्हा जमीन. भिजलेल्या सदऱ्यात तो म्हातारा माणूस इकडून तिकडे मोजत राहिला आणि चाळीस माणसं नुसती बघत राहिली. शेवटी ते थांबले आणि हळूच म्हणाले, “खड्डे सरकले काय रे?”

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही.

मी हसले नाही, कारण त्याच क्षणी मला काकूंची कापलेली काठी आठवली होती. चार काठ्या, प्रत्येक काठीला चार बोटं कमी. सोळा बोटं. म्हणजे फूट. मी जिना चढून अकरा नंबरात गेले, खिडकीतली पाचर ओढून काढली आणि पदराखाली घेऊन खाली आले. नाना लाकडांवर बसले होते, काठी बाजूला टेकवलेली. पाणी द्यायच्या निमित्तानं मी वाकले आणि तो तुकडा काठीच्या टोकाला लावला. करवतीचा तिरका काप चपखल जुळला. नानांची काठी काकूंबरोबर भोईवाड्यात जळून गेली होती, आणि ही काकूंची होती.

नाना उठून म्हणत होते, “जोड देतंय. दोन दिवस द्या, जोड देतंय.”

रामजी त्यांच्याजवळ आले. “नाना, खाली दीडशे पोरं बसतात. जोडाच्या तुळईखाली माझ्या नातवाला मी बसवीन का, तुम्हीच सांगा.” मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “खूप केलंत. आता बसा.”

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या मायेच्या शब्दांनी नाना जे बसले ते बसलेच.

आता माझं ऐका. मी तिथंच उभी होते. पदराखाली तुकडा होता. तोंड उघडलं असतं तर चाळीस माणसांसमोर नानांची लाज राखली गेली असती. लोखंडी मंडप आलाच असता, पण म्हातारा भ्रमिष्ट झालाय असं कुणी म्हटलं नसतं. एरवी कुणाच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणारी मी, त्या दिवशी तो तुकडा झाकून उभी राहिले. घाबरले. सगळे मला काय म्हणतील, नाना काय म्हणतील. मी वर आले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी ट्रक आला आणि दोन तासांत लोखंडी मंडप उभा राहिला, रामजींनी सांगितल्याप्रमाणे.

डबा पुन्हा भरलेला परत यायला लागला.

पाच दिवस मी तो तुकडा उशीखाली ठेवून झोपले. झोपले कसली. सहाव्या दिवशी सकाळी मी अकरा नंबरात गेले. नाना त्याच भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, काठी आणली, तुकडा लावून दाखवला आणि सगळं सांगितलं. तिरडी, तडकलेली कामटी, न बघता दिलेली काठी, न बघता बोललेलं वाक्य. सांगताना मी इतकी हमसत होते की अर्धं त्यांना कळलं नसेल.

नानांनी काठी मांडीवर घेतली. वरच्या टोकाशी, जिथं काकूंची मूठ असायची, तिथं बांबू झिजून गुळगुळीत झाला होता. तिथून त्यांनी अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

“माका हलकी लागायची हातात,” ते म्हणाले. “म्हटलां, बांबू सुकलो.”

“मी आत्ता जाऊन रामजींना सांगते. सगळ्यांना सांगते, नाना.”

“नको.”

“पण लोक म्हणतायत...”

“म्हणांदे. म्हातारो चुकलो, झालां. तिची काठी नि तुझो हात, दोघींची नावां अंगणात कशाक?” मग ते थांबले. काहीतरी मनात जुळवत असल्यासारखे. “म्हणजे माझी गेली तिच्यावांगडा.”

“हो, नाना. काकूंबरोबर.”

“मग एकटी नाय गेली ती.”

मी उठून घरी आले आणि ओट्याशी उभी राहिले. भात लावायचा होता, तोही लावला नाही. मी नानांना शब्द दिला नव्हता, पण वर्षभर गप्प बसले. आज हे लिहिल्यावर ते रागावतील. रागावू देत. त्या निमित्तानं बोलतील तरी.

त्या सकाळचं शेवटचं तेवढं राहिलं. अर्ध्या तासानं शेजारून नळाचा आवाज आला, मग कपडे पिळल्याचा. आणि मग गॅलरीत टक, टक. सहा महिन्यांनी. मी दारात आले. काकूंसाठी खाली घेतलेल्या दांडीखाली नाना उभे होते आणि चार बोटं कमी असलेल्या त्या काठीनं तो घडीच्या रेघांचा सदरा वर चढवत होते. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा दांडीवर बसला. खाली अंगणात लोखंडी मंडपाला कुणीतरी झालर लावत होतं, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

माझी चाहूल लागली तसे ते वळले. डोळे भरलेले होते.

“सुचित्रा,” म्हणाले, “पोचता गो.”